चारास तीन

ऐरोली, सेक्टर आठ, बी-विंग, चौथा मजला.
तक्रार: टीव्हीवर माणसं जाडी दिसतात.
अशा तक्रारी मला आवडतात.
पॅनल गेलेला नसतो, बोर्ड जळालेला नसतो,
कुणीतरी कधीतरी रिमोटवर बसलेलं असतं, इतकंच.

दमयंती कारखानीस. दार उघडतानाच म्हणाल्या,
‘मढवी ना? मुलानं बंगळुरूहून पाठवलाय, पंचावन्न इंची.
बातम्या देणारी पोरगी बघा, कशी फुगलीये.’
बघितली. बाजूच्या घड्याळाचाही पापड झालेला.
मग त्यांनीच पेनड्राइव्ह लावला.
एक्क्याण्णव सालची लग्नाची कॅसेट, घंटाळीच्या दुकानातून
नुकतीच भरून आणलेली.
भटजी भोपळ्यासारखे, समया बुटक्या,
अंतरपाट पार भिंतीपर्यंत गेलेला.

मी नेहमीचं सांगितलं.
जुनं चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ.
शाळेतलं गुणोत्तर, काकू, दुसरं काही नाही.
गोळा तेवढाच आणि पोळपाट लांबडा.
नुसती आडवी लाटत गेलात
तर पोळीचा नकाशा होणारच.
झूम करूनही दाखवलं: पोळपाट भरला,
पण नवरदेवाचा फेटा वर गेला, पाट खाली गेला.
‘लग्नात मुंडकी नका हो उडवू,’ त्या म्हणाल्या.

माझी एक खूण आहे. चित्रात गोल काहीतरी शोधायचं.
ताट, बांगडी, टेबलफॅन.
ते गोल दिसलं की गुणोत्तर बरोबर.
नवरीवर पॉज केलं. कुंकू आडवं, अंड्यासारखं.
सेटिंग, पिक्चर, साइझ, मूळ.
कुंकू गोल.
समया उंच झाल्या, भटजी माणसात आले,
आणि दोन बाजूंना दोन काळे पट्टे उभे राहिले.

‘पैसे पंचावन्न इंचांचे भरलेत. एवढी जागा वाया?’
वाया नाही, तिथं काही नव्हतंच.
कॅमेरावाल्यानं जे घेतलं नाही
ते टीव्ही कुठून आणणार?
सिनेमा लावलात तर हेच पट्टे वर-खाली येतील,
तेव्हाही घाबरून फोन करू नका.

त्या ऐकत नव्हत्या.
पडद्यावर एक सडपातळ मुलगा हार घालत होता,
कॉलरमधून मान अशी निघालेली
की आत अजून एक बोट सहज जावं.
‘असेच होते,’ म्हणाल्या.
मग जरा थांबून,
‘मघाचं परत लावता?’

लावलं. मग हे. मग पुन्हा ते.
चष्म्याच्या दुकानात विचारतात तसा विचारत राहिलो:
असं, की असं?

‘दोन वर्षं नुसती पेज पीत होते.
शेवटी तर शर्ट हँगरवरच आहे असं वाटायचं.
परवा हे लावलं आणि बघते तर गाल भरलेले.
जेवून उठल्यासारखे.’
‘मग तक्रार?’
‘तक्रार बातम्यांची होती. यांची कुठं केली मी?’

अकरा वर्षं मी घरोघर सांगत आलोय,
ताणलेलं चित्र चूक, सरळ सरळ चूक.
शोरूममध्ये एकदा या मुद्द्यावर मॅनेजरशी भांडलोसुद्धा.

पण या मॉडेलला एक सोय आहे,
प्रत्येक पिनेची आठवण तो वेगळी ठेवतो.
सेट-टॉप बॉक्स: मूळ प्रमाण.
सिनेमाची काडी: मूळ प्रमाण.
यूएसबी: पूर्ण पडदा.
दोनदा बंद करून चालू केलं. राहिलं तसंच.

स्लिपवर ‘दोष’च्या रकान्यात काय लिहावं कळेना,
रेघ मारली. त्यांनी सही केली,
नाव सावकाश, अक्षरं सुटी सुटी, रकान्याबाहेर गेलेली.
चहा झालाच होता.
पुढचा कॉल रबाळ्याला: चित्र आहे, आवाज नाही.